सोडायचंय, पण किती वाजता?

सर्वांना जय ख्रिस्त. पोस्ट लांबलचक आहे, सवडीने वाचा.

"जग सोडा", म्हणजे व्यसनं आणि ऐहिक ओढ सोडा, हा संदेश आपल्या मंडळ्यांमध्ये कमी पडत नाही. वाशीत शाळेचा हॉल भाड्याने घेऊन भरणारी उपासना असो की ठाण्यातलं जुनं दगडी चर्च, अधूनमधून कुणीतरी पुढे येतं, गुडघे टेकतं, रडतं आणि "प्रभू, आजपासून सोडलं" म्हणतं. त्या रडण्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती मंगळवारबद्दल. सवय काही रविवारी सकाळी दहा वाजता गाठत नाही. ती गाठते मंगळवारी संध्याकाळी सात चाळीसला, घणसोली स्टेशनच्या बाहेर, पगार जमा झाल्याचा मेसेज आलेला असताना आणि नेहमीचे दोघे बरोबर असताना. त्या वेळी नेमकं काय करायचं हे त्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वेळ, जागा, पैसा आणि सोबत या चारांचा बंदोबस्त केल्याशिवाय सोडलेलं सुटलेलं राहत नाही. यावर लगेच कुणी म्हणेल, तारण कृपेने आहे, मग हा हिशोब कशाला? तीताला लिहिलेल्या पत्रात (2:11-12) पौल म्हणतो की देवाची कृपाच आपल्याला अभक्ती आणि ऐहिक वासना नाकारायला शिकवते. शिकायचं म्हटलं की सराव आला, वही आली, चुका आल्या. रोमकरांस 13:14 मध्ये तर तो स्पष्टच सांगतो, देहाच्या वासनांसाठी आधीपासून सोय करून ठेवू नका. खिशातली पुडी ही सोय आहे. कपाटात "पाहुण्यांसाठी" ठेवलेली क्वार्टर हीसुद्धा.

आधी एक गोंधळ निस्तरू. इब्री 12:1 मध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात: सगळा भार आणि सहज गुंतवणारं पाप. आपण दोन्हींचं एकच गाठोडं बांधतो. पाप थांबवायचं असतं, भार तोलून कमी करायचा असतो. तासन्‌तास क्रिकेट बघणं, दरवर्षी नवा फोन, दर शनिवारी सीवूड्सच्या मॉलमध्ये चक्कर, हे भार. फ्लॅट घेताना काही रक्कम रोखीत देऊन करारनाम्यात किंमत कमी दाखवणं, टेंडरसाठी पाकीट देणं, कामवाल्या बाईचा पगार महिनाभर अडकवणं, ही पापं. आपल्याकडे उपदेश भारावर होतो आणि पापाला "व्यवहार आहे, चालायचंच" म्हणून वाट मोकळी मिळते. बायकांच्या कानातल्यांवर तासभर बोलणारे उपदेशक सापडतात, ब्लॅक-व्हाईटवर पाच मिनिटं बोलणारा सापडत नाही. नुसत्या बंदीच्या याद्यांबद्दल पौलाने कलस्सैकरांस 2:20-23 मध्ये लिहून ठेवलंय: शिवू नको, चाखू नको, हात लावू नको, हे सगळं दिसायला शहाणपणाचं, पण देहाच्या लालसेपुढे त्याचा काही उपयोग नाही. आपण ते वाचतो आणि पुढच्या बैठकीत नवी यादी काढतो.

एखादी गोष्ट नुसता भार आहे की तिने आपल्याला ताब्यात घेतलंय, हे कळायला 1 करिंथकरांस 6:12 पुरेसं आहे: सगळ्याची मोकळीक आहे, पण मी कशाच्याही अधीन होणार नाही. व्यवहारात तीन प्रश्न विचारा. सलग सात दिवस ती न करता चिडचिड न होता राहता येतं का? ती लपवावी लागते का? आणि तिची किंमत घरातलं दुसरं कोणी मोजतंय का? दोन उत्तरं वाईट आली तर ती गोष्ट भाराच्या रकान्यातून काढा, तिने तुम्हाला ताब्यात घेतलंय.

आता कामाचा भाग. सोडण्याआधी एक आठवडा नुसतं लिहा. वहीत चार रकाने: किती वाजता, कुठे, कोण बरोबर होतं, आणि त्याच्या अर्धा तास आधी काय झालं होतं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच कोरा ठेवतात. तिथे बहुधा भूक, राग, एकटेपणा नाहीतर थकवा निघतो. ऐरोलीच्या आयटी पार्कमधून रात्रपाळी करून सुटलेल्या माणसाचं संकट पहाटे येतं, घरी सगळे झोपलेले असताना. महापे एमआयडीसीतल्या कामगाराचं पगाराच्या दिवशी. घरी एकट्या असणाऱ्या बाईचं दुपारी दोन ते चार, आणि तिची सवय मिश्रीची असो, मालिकांची असो की ऑनलाइन खरेदीची, ती उपदेशात कधी येतच नाही. आठवड्याभरात तीन-चार ठिकाणं पुन्हापुन्हा दिसतील. त्यातली सगळ्यात कच्ची कडी पकडा आणि आधी तीच तोडा. स्टेशनच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडा. यूपीआयची दिवसाची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन 500 रुपयांवर आणा. पाच वाजता पोळीभाजीचा डबा खा, म्हणजे सात वाजता पोट रिकामं नसेल. हसू येईल इतक्या साध्या गोष्टी आहेत, पण ज्याचं पोट भरलेलं आहे त्याचा निश्चय जास्त टिकतो.

लिहिण्याची पद्धत आपल्या परंपरेत जुनीच आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491-1556) यांनी एकाच दोषाची तपासणी शिकवली. एका वेळी एकच दोष, पाच नाहीत. सकाळी उठताना त्या एका गोष्टीबद्दल निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनचा तास न्‌ तास आठवायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके पहिल्या ओळीवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा तसंच, दुसऱ्या ओळीवर. मग आजची ओळ कालच्या ओळीशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडायचा. घसरलो की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, शेजारच्याला कळतही नाही. ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीतसुद्धा हे जमतं. प्रोटेस्टंट मंडळींना कॅथलिक साधनाचं वावडं असेल तर नाव घेऊ नका, ठिपके द्या.

यात बिघडतं कुठे? लोक घसरलेल्या दिवशी वही उघडत नाहीत. चांगल्या दिवसांचीच नोंद राहते आणि वही खोटी होते. दुसरं, एकदम चार सवयी हातात घेतात: तंबाखू, मोबाइल, शिव्या आणि मटण. दहाव्या दिवशी चारही परत.

जागा रिकामी ठेवणं ही त्याहून मोठी चूक. लूक 11:24-26 मधलं ते घर आठवा: झाडून-सजवून ठेवलेलं, पण आत कोणी नाही, मग माणसातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा आपल्यापेक्षा वाईट असे आणखी सात घेऊन येतो. इफिसकरांस 4:28 मध्ये पौल चोराला चोरी सोड म्हणून थांबत नाही. हाताने काम कर आणि गरजवंताला देण्यासाठी तुझ्याजवळ काहीतरी असू दे, असं सांगतो. तोच हात, तीच वेळ, उलटं काम. म्हणून मंगळवारच्या सात चाळीसला काहीतरी ठरलेलं हवं: क्वायरचा सराव, मंडळीतल्या आजारी माणसाला रुग्णालयात डबा पोचवणं, मुलाला घेऊन तलावपाळीला दोन फेऱ्या. "जास्त प्रार्थना करीन" हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, ते सांगा.

आणि मनाची एक खोड ओळखून ठेवा. मिसरच्या गुलामीतून सुटून रानात आलेल्या इस्राएल लोकांना तिथली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवलं (गणना 11:5). विटा आणि चाबूक आठवले नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवशी हेच होतं. म्हणून सवयीचं नाव लिहिलंय त्याच पानावर तिने काय काय नेलं तेही आधीच लिहून ठेवा, रुपयांत आणि माणसांत.

दारूबद्दल मात्र वेगळं आणि गंभीरपणे बोलायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने, विशेषतः सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला ज्याला घोट लागतो त्याने, प्रार्थना सभेतून थेट घरी जाऊन दारू एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. हे दिसलं की आपल्याकडे "सैतान निघतोय" म्हणून त्याला खोलीत धरून बसतात. तो मेंदू आहे, सवयीचं रसायन अचानक काढून घेतल्यामुळे भडकलेला. अशा वेळी तीन दिवसांचा कडक उपवास धरायला लावणं तर फारच चुकीचं, कारण पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्व आधीच कमी असतं, पाणी आणि साखरही ढासळते. डॉक्टर काही दिवस औषधं देऊन हळूहळू उतरवतात, बी-1 ची इंजेक्शनं देतात. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग साक्ष, म्हणजे मंडळीपुढे आपला अनुभव सांगणं. पास्टरांनी डोक्यावर हात जरूर ठेवावा, पण सोबत रिक्षाही बोलवावी. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस 14416. दोन्ही मोफत.

त्यानंतरचं वर्षभर खरं राखायचं असतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ 1935 साली अमेरिकेत सुरू झाली, तिची मुळं ख्रिस्ती गटातली, आणि तिच्या बैठकांना पैसे पडत नाहीत. काही विश्वासणारे "तिथे येशूचं नाव घेत नाहीत" म्हणून जात नाहीत. रविवारी चर्च, बुधवारी ती बैठक, यात मला काहीच विसंगत दिसत नाही. प्रभुभोजनाचंही बघून ठेवा: तुमच्या चर्चमध्ये खरी वाईन देत असतील तर पाळकांना आधी सांगून नुसती भाकर घ्या. कॅथलिकांना तर एकट्या भाकरीतही ख्रिस्त पूर्ण मिळतो ही शिकवणच आहे. आणि लग्न असलं तर चर्चमधल्या विधीला पुढच्या बाकावर बसा, नवरा-नवरीला शुभेच्छा द्या, रिसेप्शनच्या टेबलवर बाटल्या यायच्या आत निघा. यजमान रागावले तर रागावू देत.

तंबाखू एकदम सोडली तरी जिवाला धोका नाही, त्रास मात्र आहे. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कायद्यावर विसंबू नका. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत चिडचिड ओसरते. तलफ काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ तोंड आणि हात दोन्ही गुंतलेले हवेत, कारण चुना मळणं हा अर्धा नाद हाताचाच असतो. बडीशेप, लवंग, भाजलेले चणे खिशात ठेवा. सुपारी नको, तीही कर्करोगाला कारण होते. निकोटीनचं च्युइंगगम घेतलंत तर ते चिंगमसारखं कराकरा चावू नका. हळू चावायचं, तोंडात झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही आणि "गम लागूच पडत नाही" अशी तक्रार होते. हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर. आज आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा असेल तर या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्विटलाइन 1800-11-2356.

मोबाइलवरच्या अश्लीलतेबद्दल थोडक्यात: फोन रात्री दहानंतर हॉलमध्ये चार्जिंगला, झोपायच्या खोलीत नाही, आणि "अलार्म लागतो" या सबबीवर साधं घड्याळ विकत घ्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी आणली. पण टेलिग्राम ग्रुपवरचा मित्र कायदा वाचत नाही. त्यामुळे तो ग्रुप सोडा आणि नंबर ब्लॉक करा.

आता पैसा, आपल्या भागातला खरा जड भार. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, आणि उपासनेनंतरच्या चहातही उलवे-पनवेलच्या जागांच्या दरांखेरीज विषय निघेना. घर असणं पाप नाही. पण राहतं घर असताना तिसऱ्या प्लॉटच्या हप्त्यासाठी दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं) बंद होतो, म्हाताऱ्या आईची तपासणी "पुढच्या महिन्यात" जाते, तेव्हा कलस्सैकरांस 3:5 काढून वाचा. लोभाला तिथे सरळ मूर्तिपूजा म्हटलंय. याच ठाण्यात 1321 साली गरिबीचं व्रत घेतलेले चार फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू हुतात्मे झाले. त्याच गावात आपण चौरस फुटावर माणसाची आशीर्वादितता मोजतो.

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात एका माणसाचा हिशोब दिला आहे. वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा तो 28 मध्ये राहिला, 2 दिले. पुढच्या वर्षी 60 मिळाले, राहिला 28 मध्येच, 32 दिले. मग 90 मिळाले, 62 दिले. मिळकत वाढली तरी राहणीचा आकडा जागेवर ठेवला, एवढीच युक्ती. पगारवाढ झाली की आपण आधी गाडी बघतो. निदान पुढच्या वाढीतली अर्धी रक्कम हाती येण्याआधीच ठरवून टाका, कुठे द्यायची ते.

पण डोक्यावर क्रेडिट कार्डाचं कर्ज असेल तर आधी ते. समजा 60,000 थकलेत, व्याज महिना 3.5 टक्के. व्याज 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378. "किमान देय" 5 टक्के म्हणजे 3,000 भरलेत तर मुद्दल उतरलं फक्त 522. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. त्यामुळे कार्ड कापा, जमलं तर कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढून एकदम फेडा, आणि तोपर्यंत सणाला नवे कपडे नाहीत.

त्यागाच्या भरात आणखी एक गोष्ट होते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण टिळकांच्या सढळ हातामुळे घर चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची जी ओढाताण होई, तीही आपल्यापुढे आहे. नवरा जग सोडतो आणि बायको वाण्याला तोंड देते, हे आजही चालू आहे. दागिने विकून मिशनला द्यायचे असतील तर दागिने कोणाचे आहेत ते आधी बघा. सही दोघांची हवी.

सोबतीशिवाय यातलं काही टिकत नाही. याकोब 5:16 सांगतो, एकमेकांजवळ पापं कबूल करा. एकमेकांजवळ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्हे. "अमक्या भावासाठी प्रार्थना करा, पुन्हा प्यायला लागलेत" हा मेसेज प्रार्थनाविनंतीचे कपडे घातलेली चहाडी आहे. सोबती एकच हवा: पुरुषाला पुरुष, बाईला बाई, नातेवाईक नको, ज्याच्याकडे तुमचे पैसे अडकलेत तो नको, आणि ज्याची स्वतःची तीच सवय ताजी आहे तोही नको. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, समोरासमोर. विचारायचं काय, तेही वेस्ली यांनी 1738 च्या नियमांत लिहून ठेवलंय: मागच्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं? कोणता मोह आला? त्यातून सुटका कशी झाली? आणि असं काही केलंत का, जे पाप आहे की नाही याची तुम्हालाच शंका आहे? चौथा प्रश्न गाळू नका, बहुतेक वेळा सगळं तिथेच निघतं.

घसरल्यावर 24 तासांच्या आत त्या सोबत्याला फोन. एक पुडी खाल्ली म्हणजे सगळं गेलं असं धरलं की माणूस उरलेलं पाकीट संपवतो. तो एक दिवस आणि पुढचे तीस दिवस यांत फरक आहे. मंडळीने काय करायचं ते गलतीकरांस 6:1 मध्ये आहे: सौम्यतेने उभं करा आणि स्वतःकडे लक्ष ठेवा. पण त्याला महिन्याभरात साक्ष द्यायला मंचावर उभं करू नका. निदान वर्ष जाऊ द्या. टाळ्या हीसुद्धा एक सवय आहे. तीच गोष्ट कमिटीच्या खुर्चीची आणि माइकची. पंधरा वर्षं खजिनदार असलेल्या काकांना कोणी आसक्तीवरचं प्रवचन ऐकवत नाही.

राहिली परतफेड. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करायचं कबूल केलं, लेवीय 6:5 मध्ये मुद्दल आणि वर एक पंचमांश आहे. यादी काढा: नाव, रक्कम, तारीख. लहान रकमा आधी. दुकानदाराला भेटलात तर आपली कहाणी ऐकवत बसू नका, पैसे द्या, माफी मागा, निघा. माणूस वारला असेल तर त्याच्या वारसांना. रेल्वेने फुकट फिरला असाल तर तेवढ्या रकमेची तिकिटं काढा आणि वापरू नका. उत्पन्न लपवलं असेल तर आयकराचं अद्ययावत विवरणपत्र, मूळ विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरायचं होतं ते वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत भरता येतं. पहिल्या वर्षात भरलंत तर कर, व्याज आणि त्यावर 25 टक्के जादा, म्हणजे मोशेच्या नियमापेक्षा थोडं महागच, उशीर केलात तर आणखी वाढतं. जुन्या अनैतिक संबंधातल्या व्यक्तीला मात्र माफी मागायला भेटू नका, ते पाळकांमार्फतच. आणि यादीत बाहेरच्यांची नावं लिहिण्याआधी घरातलं एक नाव लिहा: बायकोचं सोनं गहाण पडलं असेल तर ती पावती शोधा, व्याजासकट आकडा काढा आणि सोडवून आणायची तारीख तिच्यासमोर लिहा.